चैत्री जत्रेत ड्रॅगन येतोय: लावल्यावर नेमकं काय काय तपासायचं?

तेरणाकाठ

राम राम मंडळी. आमच्या गावची (औसा तालुका) जत्रा चैत्री पुनवेला भरते, आठ दिवस चालते. यंदा पाळणेवाला आकाशपाळणा, ब्रेक डान्स आणि टोराटोराबरोबर छोटा रोलर कोस्टर पण आणतोय, ज्याला सगळे ड्रॅगन म्हणतात. पाच डबे, दर डब्यात चार जण, लंबगोल रूळ, सगळ्यात उंच जागा जमिनीपासून १४ फूट. जागा म्हणजे हरभरा काढून मोकळं झालेलं काळं रान.

मालकाने फिटनेसचा दाखला दाखवला, पण तो दोन महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्या जत्रेतला. पोलिसांची परवानगी, सार्वजनिक बांधकामच्या यांत्रिकी शाखेची तपासणी, वीज निरीक्षकाचा दाखला हे सगळं रीतसर होईलच, त्याला फाटा द्यायचा नाही. पण ती तपासणी एकदा होणार आणि ड्रॅगन पुढं आठ दिवस पळणार. कमिटीत एक आयटीआय फिटर आहे, एक फॅब्रिकेशनवाला आहे, हातात दीड दिवस आहे. आम्ही कुठं बघावं, कशाने बघावं, आणि काय दिसलं की बंद ठेवावं? लेकरं बसणार आहेत, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

चीरशोध

दादा, दोन महिन्यांपूर्वीचा दाखला तुमच्या जत्रेला लागू नाही असंच धरा. ज्या जोडणीला तो मिळाला ती जोडणी खोलून ट्रकमध्ये गेली. नव्या जागी बोल्ट पुन्हा लागले, लेव्हल पुन्हा घेतली, मग तपासणीही पुन्हा.

आता कुठं बघायचं. पाइप मधल्या मध्ये सहसा तुटत नाही, जोडाशी तुटतो. खांबाच्या माथ्याला रुळाचं ब्रॅकेट जिथं वेल्ड केलंय, बुडाला बेसप्लेट जिथं वेल्ड केलीय, आणि त्रिकोणी गसेट पट्टी जिथं संपते, या तीन जागा. त्यातही वेल्डच्या मधोमध बघू नका. वेल्डची कड मूळ पाइपाला जिथं टेकते त्या रेषेवर नजर फिरवा. चीर तिथूनच सुरू होते.

का होते ते हिशोबाने बघा. पाच डबे, एका फेरीत तीन चकरा, दिवसाला ८० फेऱ्या. म्हणजे एका खांबावरून दिवसाला १,२०० वेळा डबा जातो. वर्षाला १२० दिवस धंदा धरला तर १ लाख ४४ हजार. बारा वर्षं जुना ड्रॅगन असेल तर सव्वासतरा लाख. वेल्ड किती ताण सोसेल याचे तक्ते २० लाख आवर्तनं धरून केलेले असतात, म्हणजे जुना ड्रॅगन त्या आकड्याजवळ पोचलेला असतो. आणि ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्शावर येतं. एक खांब दबला, एक बोल्ट ढिला राहिला, तर शेजारच्या वेल्डवर नेमकं हेच घडतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरोविंड्स पार्कात फ्युरी ३२५ नावाचा ३२५ फुटी कोस्टर आहे. ३० जून २०२३ ला तिथं एका खांबाला माथ्याजवळ आरपार तडा गेलेला दिसला. गाडी वरून गेली की तुटलेला भाग बाजूला सरकायचा आणि गाडी पुढं गेली की परत जागेवर यायचा. तो दिसला बघायला आलेल्या एका माणसाला. नंतर लोकांनी आधीच्या दिवसांचे फोटो काढून पाहिले तर त्यांतही चीर होती. खांब बदलून ऑगस्टमध्ये राइड पुन्हा सुरू झाली. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. यातून तुम्ही घ्यायची गोष्ट अशी की गाडी चालू असताना एक माणूस बाहेरून फक्त खांबांकडे बघत उभा ठेवा. डबा वरून जाताना ब्रॅकेट आणि खांब यांच्यात कागदाइतकीही फट उघडझाप करत असेल तर लगेच बंद.

थांबलेल्या ड्रॅगनवर बघताना भर उन्हात बघू नका. सकाळी किंवा संध्याकाळी टॉर्च पाइपाला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. आडव्या उजेडात रंगाला गेलेली केसाएवढी चीर सावली टाकते. दुसरी खूण म्हणजे तांबडी रेघ. बाकी रंग धड आणि वेल्डच्या कडेने गंजाचा ओघळ आलाय, तर आत पाणी जाण्याएवढी फट आहे. नवा रंग मारून आणलाय म्हणून खूष होऊ नका. ताज्या रंगाखाली चीर झाकली जाते. ट्रकमधून माल उतरवतानाच सांगा, रंगाचा डबा तपासणी झाल्यावर उघडायचा.

शंका आली तिथं डाय पेनिट्रंट लावा. तीन डब्यांचा संच मिळतो: क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. तुमच्या फिटरला जमेल.

१. वेल्डच्या दोन्ही बाजूंना इंचभर रंग रिमूव्हर लावून पूर्ण काढा. ग्राइंडर लावू नका. ग्राइंडरने वरचं लोखंड सारवलं जातं आणि चिरेचं तोंड बुजतं.
२. क्लीनरने पुसा, कोरडं होऊ द्या.
३. लाल द्रव मारा, १५ मिनिटं हात लावू नका.
४. कोरड्या फडक्याने पुसा, मग क्लीनरने ओलावलेल्या फडक्याने. क्लीनर थेट त्या जागेवर फवारायचा नाही, नाहीतर चिरेतला लाल द्रवही धुऊन निघतो.
५. डेव्हलपरचा पातळ थर मारा, दहा मिनिटं थांबा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की ती चीर.

आपल्याकडची अडचण ऊन. हा द्रव साधारण ५० अंशांपर्यंतच्या पृष्ठभागासाठी असतो. चैत्रात दुपारी लोखंड त्याच्या वर जातं, द्रव वाळून जातो आणि चीर असूनही दिसत नाही. सकाळी नऊच्या आत उरका.

आतून खाल्लेला पाइप डोळ्यांना दिसत नाही आणि पेनिट्रंटलाही दिसत नाही. २६ जुलै २०१७ ला ओहायो स्टेट फेअरमध्ये फायर बॉल हा झुलता पाळणा चालू असताना मोडला, एक तरुण गेला. पाळणा १८ वर्षांचा होता. आधार देणारी बीम आतून गंजून तिची जाडी धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती असं निर्मात्याने नंतर सांगितलं. त्याच दिवशी तपासणी झालेली होती! यावर उपाय अल्ट्रासोनिक थिकनेस गेज, मोबाइलएवढं यंत्र. खांबाच्या मधल्या उंचीवर जाडी घ्या आणि बुडापासून वीतभर वर चार बाजूंनी घ्या. बुडाशी दहा टक्क्यांहून जास्त कमी भरली तर तो खांब नको. बुडाला पाणी निघून जायला भोक आहे का, आणि ते रंगाने किंवा मातीने बुजलंय का, हेही बघा. भोक नसलेला खांब आत पाणी धरून ठेवतो.

घणहातोडी

वर सगळं बरोबर आहे. मी बोल्टाचं सांगतो, कारण जत्रेतल्या पाळण्यात पहिला घोटाळा तिथंच असतो. वर्षात पंधरा वेळा खोलजोड होते, त्यात बोल्ट हरवतात आणि मग तालुक्याच्या हार्डवेअरमधून मिळेल तो आणून लावतात.

प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर आकडा वाचा. ८.८ पाहिजे. डोकं कोरं किंवा ४.६ असेल तर काढा. ८.८ चा बोल्ट ६४० मेगापास्कलला ताणायला लागतो, ४.६ चा २४० लाच. जाडी तीच, दिसायला तोच, ताकद पावणेतीन पटीने कमी. आट्याचा रॉड कापून दोन्हीकडून नट लावलेला दिसला तर तोही काढायला लावा.

आवळायचं माप निर्मात्याच्या तक्त्यातलं. तक्ताच नसेल तर २० मिमीच्या ८.८ बोल्टाला साधारण ४०० न्यूटन-मीटर लागतात. टॉर्क पाना नसला तरी अंदाज घेता येतो: बरोबर एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ४० किलो ओढ दिली की तेवढा पीळ पडतो. आवळल्यावर नट, वायसर आणि प्लेट या तिन्हींवरून ऑइल पेंटची एक सरळ पिवळी रेघ ओढा. रोज सकाळी फक्त रेघा बघायच्या. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. एकच नट पुन्हा पुन्हा फिरत असेल तर तो आवळत बसू नका, त्या जोडात हालचाल आहे, कारण शोधा.

भोकं लांबट झालीत का बघा. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट दुसऱ्यांदा हाताने फिरला तर फेकून द्या. स्प्लिट पिनेच्या जागी तार किंवा खिळा नको.

आणि खांब हातोडीने वाजवून घ्या. धड लोखंड टणकन वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं.

चीरशोध

@घणहातोडी, बोल्टाच्या प्रत्येक शब्दाशी सहमत, शेवटच्या ओळीशी नाही. हातोडीने सुटा बोल्ट आणि खांबाखालची ढिली पॅकिंग कळते. वेल्डच्या कडेची दोन इंच लांब, मिलिमीटरभर खोल चीर आवाजात कळत नाही, आणि तीच पुढं वाढते. बद्द आवाज आला तर नक्की थांबवा, पण टणकन वाजलं म्हणून पास करू नका.

ओळंबा

काळ्या रानाचं कुणी लिहिलं नाही. आपल्याकडे सगळ्यात आधी ते बघायला हवं.

सुकी काळी माती चौरस मीटरला १५ टनांपर्यंत वजन पेलते. तीच भिजून अंगठा सहज दोन-तीन इंच आत जायला लागला की ५ टनच धरा. आता आकाशपाळण्याच्या एका पायावर ४ टन येतात असं माना. बेसप्लेट ३० × ३० सेंमी असेल तर चौरस मीटरला ४४ टन दाब झाला. म्हणजे सुकं असो की ओलं, प्लेट नुसती जमिनीवर ठेवायचीच नाही. एक मीटर लांबीचे, २५ सेंमी रुंद असे चार लाकडी स्लीपर शेजारी शेजारी टाकले की एक चौरस मीटर जागा मिळते, दाब ४ टनांवर येतो. त्यांच्यावर दुसरा थर आडवा, मग प्लेट. ड्रॅगनच्या खांबावर वजन कमी असतं, पण हिशोब याच पद्धतीने, प्रत्येक खांबाचा.

रान उन्हाने भेगाळलं असेल तर भेगांवर मुरूम पसरून मोकळे होऊ नका. वरची फूटभर माती काढा, मुरूम १५ सेंमीच्या थरांनी टाका, पाणी मारून रोलर फिरवा, वर स्लीपर. विटा, फरशीचे तुकडे, दगडाची खपली यांची पॅकिंग चालत नाही. वीट भरडली जाते, खपली सटकते. लाकडी पाचर घालायची तर समोरासमोरून दोन, आणि खिळ्याने बांधलेल्या.

लेव्हल पाण्याच्या नळीने घ्या आणि प्रत्येक खांबावर एकाच उंचीची खूण करा. रोज सकाळी त्याच खुणांवर नळी धरायची. चार पायांची बाज आठवा: एक पाय खड्ड्यात गेला की वजन उरलेल्यांवर जातं आणि चौकट पिळवटते. रुळाचंही तेच. एक खांब सेंटिमीटरभर दबला की रूळ त्याच्यावर टेकत नाही, लटकतो, आणि वर सांगितलेला दुप्पट ताण शेजारच्या दोन खांबांच्या वेल्डवर जातो.

एक बारीक गोष्ट, पण मोठी. पाळण्यांशेजारी रसवंती किंवा भांडी धुणारं हॉटेल बसू देऊ नका. उसाच्या रसाचं आणि बर्फाचं पाणी आठ दिवस एकाच बाजूला मुरतं, आणि त्या बाजूचे खांब दबतात. पाणी वाहून न्यायला वीतभर खोल चर काढून जागेबाहेर घाला.

तेरणाकाठ

खूप उपयोगाचं आहे, मनापासून आभार. काल ड्रॅगनचा माल उतरला. चाकं खोलून दाखवा म्हणालो तर एका डब्याच्या ॲक्सलवर बेअरिंगच्या जागेजवळ वेल्डिंग करून मशिनिंग केल्यासारखं दिसतंय. मालक म्हणतो झिजला होता, भरून घेतला, आता नव्यापेक्षा पक्का आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो वेल्ड चांगला दिसतोय. काय करावं?

लेथ मास्तर

तो ॲक्सल लावू देऊ नका. वेल्ड बाहेरून कितीही सुबक असू दे.

असे ॲक्सल बहुतेक ईएन ८ या जातीच्या पोलादाचे असतात. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. साध्या रॉडने, आधी न तापवता वेल्ड केला की वेल्डशेजारचं लोखंड झटकन थंड होऊन काचेसारखं कडक होतं. रॉड ओलसर असेल तर हायड्रोजन आत शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतल्या आत चीर पडते. वर मशिनिंग केलं की पृष्ठभाग चकचकीत, चीर खाली. त्यात ॲक्सल फिरता असेल तर प्रत्येक फेऱ्यात एकदा ओढला जातो, एकदा दाबला जातो. मघाशी खांबाचे दिवसाला १,२०० झटके मोजले, फिरत्या ॲक्सलचे त्याच्या कित्येक पट होतात.

जपानमध्ये ओसाकाच्या एक्स्पोलँड पार्कात ५ मे २००७ ला उभं राहून जायच्या कोस्टरचा चाकाचा ॲक्सल थकव्याने तुटला, डबा कलंडून कठड्यावर आपटला आणि एक मुलगी गेली. तो ॲक्सल १५ वर्षांत एकदाही बदललेला नव्हता. तिथं तर वेल्डिंगही नव्हतं, मूळचा ॲक्सल होता.

नवा करून घ्या, एका दिवसाचं काम आहे. ईएन ८ किंवा ईएन १९ चा गोल, मालाच्या दाखल्यासकट. लेथवाल्याला तीन गोष्टी बजावा. जाडी जिथं बदलते तो कोपरा टोकदार नको, बेअरिंग बसेल एवढी गोलाई ठेवा. टोकदार कोपऱ्यात ताण दोन-अडीच पट होतो. टूलची चरे राहू देऊ नका, पॉलिश पेपर मारा. चावीची खाच घालायची असेल तर ती कोपऱ्यापर्यंत ओढू नका.

आणि एकच ॲक्सल असा निघाला तर बाकीचे सगळे खोलायला लावा. बेअरिंग काढल्याशिवाय खालची चीर दिसत नाही. लातूर, वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत चुंबकीय कणांची तपासणी करून देणारे आहेत. या तपासणीचा लेव्हल-२ दाखला असलेला माणूस मागा, अहवालावर ॲक्सलचा पंच केलेला नंबर लिहून घ्या.

चाकांचं आता थोडक्यात. प्रत्येक कोपऱ्यावर तीन चाकं असतात: वरून धावणारं, बाजूचं आणि रुळाखालून पकडणारं. मालकांना खालचं चाक बिनकामाचं वाटतं, कारण ते बहुतेक वेळ मोकळंच असतं. पण चढ संपून उतार लागतो तिथं डब्याला रुळावर धरून ठेवतं ते तेच. १४ जून १९८६ ला कॅनडात एडमंटनच्या माइंडबेंडर कोस्टरवर शेवटच्या डब्याच्या चाकांच्या जोडणीचे बोल्ट निघाले, चाकं सुटली, डबा रुळावर भेलकांडत जाऊन खांबावर आदळला, तिघे मेले. म्हणून जॅक लावून डबा उचला, तिन्ही चाकं हाताने फिरवा. खरखर आली किंवा चाक आडवं हललं तर बेअरिंग बदला. चाकावरचा पॉलियुरेथेनचा (रबरासारखा) थर लोखंडापासून सुटलाय का, नखाने कड उचलून बघा.

कंट्रोल पॅनेल

माणसं बसवायच्या आधी वाळूने चाचणी घ्या. एका सीटला ७५ किलो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत साडेसदतीस किलो वाळू भरून सीटला दोन, अशा २० सीटना ४० गोण्या. अंदाजाने भरू नका, आडतीवरच्या काट्यावर वजन करा. ओली वाळू जड भरते. गोण्या दोरीने बांधा, नाहीतर वळणावर उडतात. आधी तीन फेऱ्या रिकाम्या, मग पाच भरलेल्या, मग एका बाजूच्याच सीट भरून दोन. त्यानंतर बोल्टाच्या सगळ्या पिवळ्या रेघा आणि नळीची लेव्हल पुन्हा बघा. पहिल्या भरल्या फेऱ्यांत जेवढं बसायचं तेवढं तिथंच बसतं.

भरलेल्या गोण्यांसकट गाडी चढावर असताना मेन स्विच पाडा. गाडी जागेवर थांबली पाहिजे, इंचभरही मागं यायला नको. लंडनच्या बॅटरसी पार्कात ३० मे १९७२ ला कोस्टरची गाडी वर ओढणारा दोर सुटला आणि मागं घसरू न देणारी यंत्रणा धरली नाही. पाच मुलं गेली. ब्रेक वीज गेल्यावर लागणारा हवा, वीज असेल तरच लागणारा नको. आपल्याकडे जनरेटर बंद पडणं रोजचं आहे.

लाल बटण एकापेक्षा जास्त हवं: एक चालवणाऱ्यापाशी, एक चढायच्या फाटकापाशी. दोन्ही रोज दाबून बघा. सेन्सरने गाडी थांबवली तर ती का थांबली हे डोळ्यांनी रुळावर चालत जाऊन बघितल्याशिवाय बायपास करायचं नाही. २ जून २०१५ ला इंग्लंडमध्ये आल्टन टॉवर्स पार्कातल्या स्मायलर कोस्टरवर हेच झालं. यंत्रणेने पुढं गाडी उभी आहे म्हणून थांबवलं होतं, माणसांनी बिघाड समजून गाडी सोडली, ती रिकाम्या गाडीवर धडकली. दोघींना पाय गमवावे लागले.

विजेचं: प्रत्येक पाळण्याला वेगळा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज कुठं गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), टेस्ट बटण रोज दाबा. रूळ, कठडा, तिकीट खिडकीचा पत्रा सगळं एका अर्थिंगला जोडा. चैत्रात माती कोरडी असते, अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओता. मात्र तो खड्डा खांबांच्या पायापासून लांब घ्या, @ओळंबा यांनी सांगितलेलंच कारण.

तेरणाकाठ

मालक ॲक्सल बदलायला तयार झाला. सगळे दहा खोलायला सांगितलेत, उद्घाटन एक दिवस पुढं ढकललं. शेवटचं एक विचारतो: चैत्रात अवकाळी आणि वावटळ कधीही येते. किती वाऱ्याला बंद करायचं, आणि पाऊस झाला तर परत कधी सुरू करायचं?

ओळंबा

निर्मात्याने आकडा दिला असेल तर तो. नसेल तर युरोपच्या मानकात चालू पाळण्यासाठी सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर ही हद्द आहे. हातात धरायचं वाऱ्याचं मीटर घ्या आणि ते आकाशपाळण्याच्या माथ्याएवढ्या उंचीवर बांबूला बांधा, खाली वारा कमी भरतो. तुम्ही मात्र १० मीटरला माणसं उतरवायला सुरुवात करा, कारण आकाशपाळणा रिकामा व्हायला दहा-बारा मिनिटं जातात आणि वावटळ तेवढी वाट बघत नाही. मीटर नसेल तर निंबाच्या मोठ्या फांद्या हलायला लागल्या की उतरवा. सगळं झाड घुसळायला लागेपर्यंत हद्द गाठलेली असते. वीज चमकली तर वारा नसला तरी बंद.

पाऊस थांबला म्हणून सुरू करू नका. आधी प्रत्येक खांबापाशी अंगठा दाबून बघा, मग नळीने लेव्हल, मग आरसीसीबीची चाचणी, मग तीन फेऱ्या रिकाम्या. धावायची चाकं आणि रूळ ओले असताना ब्रेकचं अंतर वाढतं, म्हणून रूळ फडक्याने पुसून घ्या. एकाही खांबाची खूण ५ मिमीपेक्षा जास्त खाली गेली असेल तर जॅक लावून पॅकिंग नव्याने करा, आणि त्या खांबाच्या व शेजारच्या दोन खांबांच्या माथ्याचे वेल्ड आडव्या टॉर्चने पुन्हा बघा.

हे बघायला कमिटीचा एकच माणूस नेमा, त्याचं नाव वहीत लिहा, आणि ड्रॅगन चालू करायच्या कुलपाची किल्ली मालकाकडे नाही तर त्याच्याकडे ठेवा. रोज सकाळी त्याने वहीत तारीख, वेळ, बघितलेल्या खांबांचे नंबर आणि सही घातली की मगच किल्ली द्यायची.